पुणे ते पंढरपूर, रात्रीच्या सायकलीवर : तयारी नेमकी कशाची करायची?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या वाचक ४२ वर्षांच्या असून पुण्यात एका बँकेत नोकरी करतात. मुलगी कॉलेजात गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, त्या नियमित सायकल चालवतात. रविवारी पन्नास-साठ किलोमीटर होतात आणि लोणावळ्याला जाऊन परत, अशी सव्वाशेच्या पुढची मजलही त्यांनी एकदा मारली आहे. त्यांच्या सोसायटीतील पाच जणांच्या गटाने, ज्यात त्यांच्यासह दोन स्त्रिया आहेत, डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी सहाला हडपसरहून निघून रविवारी सकाळी पंढरपूर गाठायचे ठरवले आहे. पतीची अट अशी, की ते रात्रभर मोटार घेऊन मागे राहतील, नाहीतर जायचे नाही. मोटार मागे असली तर ती आपली राईडच नव्हे, असे या वाचकांना वाटते. ‘मैत्रिणींबरोबर मुक्कामी सहल आहे’ असे घरी सांगून निघावे, असाही विचार त्यांच्या मनात येतो. शिवाय गटात आपणच सर्वांत सावकाश चालवतो, इतरांना ओझे होऊ, ही धास्ती आहे. त्यासाठी कर्ज काढून हलकी सायकल घ्यावी का, आणि जागण्याची सवय व्हावी म्हणून महिनाभर आधीपासून जागरणाचा सराव करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी सर्वांत आधी तुमचा प्रवास तासांनुसार कागदावर मांडला, आणि तुम्हीही उत्तराचा पुढचा भाग वाचण्यापूर्वी तसे करावे, अशी विनंती आहे. हडपसरहून पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापूर रस्ता बराचसा सपाट असल्याने ताशी वीसच्या वेगाने चाकावरचे दहा तास आणि चहा-जेवणाचे अडीच-तीन तास धरले, तर संध्याकाळी सहाला निघालेला गट मध्यरात्रीच्या सुमारास भिगवणला, अडीचच्या आगेमागे इंदापूरला आणि पहाटे चारला टेंभुर्णीला येतो. टेंभुर्णीला महामार्ग सोडून तुम्ही पंढरपूरच्या रस्त्याला लागता. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे हा शेवटचा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा, उसाच्या पट्ट्यातून जाणारा आणि महामार्गाइतका मोकळा नसलेला टप्पा तुम्ही जवळजवळ पूर्ण अंधारात पार करणार. मध्यरात्र उलटल्यावर दोन ते पाच हे झोपेच्या ओढीचे सर्वांत कठीण तास असतात. तुमच्या गटाच्या वेळापत्रकात सर्वांत अवघड रस्ता आणि सर्वांत अवघड वेळ नेमकी एकत्र आली आहे, आणि हे दुरुस्त करायला नवी सायकल उपयोगाची नाही.

आपण सगळेच अशा मोठ्या राईडच्या तयारीचा विचार पायांच्या ताकदीपासून सुरू करतो. सव्वाशे किलोमीटर एका दिवसात केलेल्या व्यक्तीच्या पायांत दोनशेची ताकद आठ-दहा आठवड्यांच्या नियमित सरावाने येते, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता झोपेची वाटते. जागरणाचा सराव करून झोपेची गरज कमी होत नाही. महिनाभर जागाल तर शनिवारी तुम्ही आधीच थकलेल्या अवस्थेत निघाल. करायचे ते नेमके उलट आहे : आधीचा आठवडाभर रोज नेहमीपेक्षा तासभर जास्त झोपा आणि निघण्याच्या दिवशी दुपारी पडदे ओढून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दीड तास तरी आडव्या व्हा. डोळा लागला नाही तरी चालेल.

आता पर्याय पाहू. पहिला म्हणजे गटाने ठरवले आहे तसेच, रात्रभर न थांबता जाणे. दुसरा, पहाटे दोन-तीनला निघून दिवसा उजेडी पोहोचणे. यात हडपसर ते उरुळी कांचन हा वर्दळीचा भाग रिकामा मिळतो, भिगवणच्या अलीकडेच उजाडते आणि हिवाळ्यात दुपारचे ऊनही सोसवते. पण त्यासाठी आदल्या संध्याकाळी सातला झोपावे लागते, आणि संसारी माणसाला ते किती जमते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिसरा पर्याय मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. शनिवारी सहाऐवजी दुपारी तीनला निघा, भिगवण रात्री नऊच्या सुमारास आणि इंदापूर अकरा-साडेअकराला गाठा, तिथे आधी फोन करून ठरवलेल्या लॉजवर पाच तास झोपा आणि पहाटे पाचला पुन्हा निघा. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते, त्यामुळे तारीख त्यातलीच घेतलीत तर दुपारची झोप आणि दुपारचे निघणे दोन्ही साधेल. सायकली खोलीत किंवा कुलूपबंद आवारात ठेवू देतात का, हे लॉजवाल्याला आधीच विचारून घ्या.

यावर तुम्ही म्हणाल, की मग ही रात्रीची राईड कुठे राहिली? साडेसहापासून अकरापर्यंत आणि पुन्हा पहाटे पाचपासून उजाडेपर्यंत असे सहा-साडेसहा तास तुम्ही अंधारात सायकल चालवणार आहात. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, खड्डा उशिरा दिसणे, मैलाचे दगड फार सावकाश सरकल्यासारखे वाटणे, पहाटेच्या गारव्यात बोटे आखडणे, हे सगळे त्यात येते. फक्त सर्वांत धोक्याचे तास वगळले जातात. पहिल्या वेळी एवढे पुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. अखंड रात्र पुढच्या हिवाळ्यात करता येईल.

गट ऐकला नाही आणि सलग जायचेच ठरले, तर निदान दीडेक तासाची झोप इंदापूरला ठरवूनच ठेवा आणि वाटेत डोळे जड झाले की उजेडाच्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या बाजेवर वीस मिनिटांचा गजर लावून पडा. चहा किंवा कॉफी झोपून उठल्यावर न घेता आडवे होण्याच्या आधी घ्यावी, कारण तिचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि तोवर तुमची डुलकी होऊन गेलेली असते. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, सायकल पांढऱ्या पट्टीवरून आत-बाहेर होत असेल, किंवा सोबतच्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर त्याच क्षणी थांबायचे. पुढच्या गावापर्यंत रेटू, असे त्या अवस्थेत कोणी म्हटले तर त्याचे ऐकू नये.

सरावासाठी आधी एक संपूर्ण रात्र घालवण्याची गरज नाही. ओळखीच्या रस्त्यावर एकदा संध्याकाळी सहा ते अकरा अशी फेरी करा आणि दुसऱ्या एखाद्या आठवड्यात पहाटे चारला निघून नऊपर्यंत चालवा. दोन्ही वेळी तेच दिवे, तेच कपडे, तोच खाऊ आणि शक्यतो तीच माणसे असू द्या. या दोन फेऱ्यांत ज्या अडचणी समजतात त्या दिवसाच्या तीनशे किलोमीटरांतही समजत नाहीत.

आता तुमच्या पतींच्या अटीकडे वळते. तुम्हाला ती अपमानास्पद वाटली, आणि प्रौढ बाईला ‘मी मागे असेन तरच जा’ असे कोणी म्हटले की तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण अट बाजूला ठेवून त्यामागची भीती कोणती, हे तुम्ही त्यांना शांतपणे विचारले आहे का? ट्रकची भीती, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची भीती, निर्जन ठिकाणी पंक्चर होऊन दोन बायका रस्त्याच्या कडेला उभ्या असण्याची भीती आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तिघींवर उपाय आहेत आणि ते त्यांच्यासमोर कागदावर मांडता येतात. चौथीवर मात्र तुम्हा दोघांना बोलावेच लागेल, आणि ते बोलणे सायकलीपुरते राहणार नाही.

मोटार मागे ठेवण्याला माझाही विरोध आहे, पण कारण तुमच्यापेक्षा वेगळे आहे. महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदने वाहने धावत असताना रात्रभर वीसच्या वेगाने रांगणारी मोटार हाच एक अडथळा असतो. मागून येणाऱ्याला ती किती सावकाश चालली आहे हे जवळ येईपर्यंत कळत नाही. तिच्या हेडलाईटमुळे सायकलस्वाराची स्वतःची लांब सावली पुढच्या रस्त्यावर पडते आणि नेमका चाकासमोरचा खड्डा त्या काळोखात लपतो. आणि ती चालवणारा माणूस तुमच्याइतकाच झोपेला आलेला असतो, फक्त त्याच्या हाती हजार किलोंचे वाहन असते. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनुसार भारतातही ज्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड, होतात (दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेसाठी वीस तास अशा मुदतीच्या), त्यांत मदतीची गाडी वाटेत सोबत ठेवता येत नाही, ती फक्त ठरलेल्या तपासणी ठिकाणी भेटू शकते. तुमच्या घरासाठी हाच तोडगा मला योग्य वाटतो. पतींनी मागे यायचे नाही. त्यांनी शनिवारी संध्याकाळी इंदापूरला पुढे जाऊन खोल्या ताब्यात घ्यायच्या, जेवून झोपायचे, आणि सकाळी थेट पंढरपूरला यायचे. म्हणजे परतीच्या वेळी झोप पूर्ण झालेला एक चालक तुमच्याकडे असेल, आणि तो तुम्हाला खरोखर लागणार आहे. त्यांना घरीच थांबायचे असेल, तर फोनवरून लाईव्ह लोकेशन चालू ठेवा आणि यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी अशा चार ठिकाणांहून निरोप पाठवायचे ठरवा. निरोप यायला किती उशीर झाला की त्यांनी कोणाला फोन करायचा, हेही आधीच ठरलेले असावे. आपत्कालीन मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हे क्रमांक त्यांच्याकडे आणि गटातल्या प्रत्येकाकडे लिहिलेले हवेत.

खोटे सांगून मात्र जाऊ नका. नैतिकतेचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवाल. मी व्यवहाराचे बोलते. रात्री दोनला इंदापूरजवळ कोणाचे हाड मोडले, तर तुम्ही कुठे आहात हे माहीत नसलेले घर सर्वांत शेवटी धावून येते. आणि आपण खोटे बोलून आलो आहोत ही जाणीव असलेला माणूस थांबायला हवे तिथे थांबत नाही, कारण थांबले तर घरी कळेल.

सावकाश चालवण्याबद्दल. गटाला ओझे होण्याची भीती तुम्ही एकट्याने मनात बाळगली आहे. गटाला विचारलेत का? रात्री गटाचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या वेगाएवढाच असला पाहिजे, कारण अंधारात विखुरलेला गट हा गट राहत नाही. निघण्यापूर्वी एक बैठक घ्या आणि तीत तीन गोष्टी सर्वांच्या तोंडून वदवून घ्या : शेवटी कोण राहणार, जो थांबेल त्याच्यासोबत कोण थांबणार, आणि ‘मला पुढे जायचे नाही’ असे कोणीही म्हटले तर त्याला कारण विचारले जाणार नाही. ज्या गटाला हे मान्य नाही, त्या गटाबरोबर पहिली रात्र काढू नये, मग त्यातली माणसे कितीही चांगली असोत.

कर्ज काढून सायकल घेऊ नका. तुमची सायकल तीन वर्षे तुमच्या अंगवळणी पडली आहे. नव्या सायकलीची सीट आणि हँडल अंगाला बसायला वेळ लागतो आणि दोनशे किलोमीटरच्या रात्री तो मिळत नाही. सर्व्हिसिंग मात्र दोन आठवडे आधी करून घ्या, आदल्या दिवशी नव्हे. मेकॅनिककडून काही सैल राहिले असेल तर ते पुढच्या रविवारी कळू दे. जे पैसे खर्च करायचे ते टायर, ब्रेकपॅड आणि दिव्यांवर करा. पुढे दोन दिवे हवेत, त्यांतला एक राखीव, आणि मधल्या प्रकाशावर तो खरोखर किती तास चालतो हे घरी लावून मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. मागचाही दिवा जोडीने हवा. तो गटात असताना लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, नाहीतर मागच्या सोबत्याचे डोळे रात्रभर दिपत राहतात. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तर हवेच, पण घोट्यांभोवती चमकणाऱ्या पट्ट्याही बांधा. वर-खाली होणारे पाय दिसले की समोर माणूस आहे हे चालकाला लांबूनच उमगते.

पंक्चर काढण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेकांची अडचण होते. या महामार्गावर फुटलेल्या ट्रक टायरांचे तुकडे कडेला पडलेले असतात आणि त्यांतल्या केसासारख्या बारीक तारा सायकलीच्या टायरमध्ये घुसतात. ट्यूब बदलली आणि तार तशीच राहिली, तर दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. म्हणून नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून एक सुती रुमाल सावकाश, सगळीकडून फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. बोटाने चाचपू नका, रक्त येते. ती तार नखाने निघत नाही, त्यामुळे एक छोटा चिमटा हत्यारांच्या पिशवीत ठेवा. घरी गॅलरीतला दिवा बंद करून, डोक्याला छोटी बॅटरी लावून, मागचे चाक काढून-घालून ट्यूब बदलण्याचा सराव करा. साखळीचे तेल हाताला लागणार, ट्यूब एकदा पिळली जाणार, पंप नीट बसणार नाही. हे सगळे गॅलरीत होऊन जाऊ दे. सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) आणि मल्टीटूल (पाने-पेचकसांचा जुडगा) प्रत्येकाकडे असावे.

रस्त्यावर डिसेंबरात सर्वांत जास्त जपायचे ते उसाच्या ट्रॅक्टरांना. दौंड, इंदापूर, टेंभुर्णी हा साखर कारखान्यांचा पट्टा आहे आणि गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो आणि ऊस बाजूंनी बाहेर आलेला असतो. बंद पडलेल्या ट्रकभोवती चालक मोठे दगड मांडतात आणि ट्रक निघून गेला तरी दगड तिथेच राहतात. कडेच्या पट्टीवरून उलट्या दिशेने बिनदिव्याची मोटारसायकल येऊ शकते. यासाठी पुढच्याच्या चाकाला चाक लावून जाऊ नका, दोन-तीन सायकलींचे अंतर ठेवा आणि पुढच्याने ‘खड्डा’, ‘दगड’, ‘ट्रॉली’ असे मोठ्याने ओरडून सांगायचे. ढाब्यांजवळची कुत्री मागे लागली तर जोरात पेडल मारू नका; वेग कमी करा, दटावा, आणि फारच झाले तर उतरून सायकल मध्ये धरा. उजनी धरणाच्या जलाशयाजवळ, भिगवणपासून पुढे, पहाटे धुके भेटू शकते. दाट धुक्यात मागचा दिवाही पुरेसा नसतो, तेव्हा रस्त्यावरून उतरून उजेडाची वाट पाहावी.

खाण्याबद्दल एवढेच, की भूक लागायच्या आधी, दर तासाला थोडे खायचे : केळे, खजूर, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, जे सरावाच्या फेऱ्यांत पोटाला मानवले असेल ते. ढाब्यावरचे भरपेट जेवण इंदापूरला, झोपण्यापूर्वी, त्याआधी नाही. रात्री गारव्यात तहान लागत नाही, पण घाम येतच असतो, म्हणून ओआरएसचे पाणी घोट घोट घेत राहा.

तुम्ही पत्रात जे लिहिलेले नाही, पण बहुतेक स्त्रियांच्या मनात असते, तेही बोलते. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणे ही आपल्या पिढ्यांची सवय आहे आणि लांबच्या सायकलिंगमध्ये ती आजारी पाडते. महिनाभर आधी दिवसा मोटारीने हा रस्ता एकदा पाहून या आणि कोणत्या पंपावर, कोणत्या ढाब्यावर स्त्रियांसाठी बरे स्वच्छतागृह आहे हे टिपून ठेवा. रात्री ते कुलूपबंद असते का आणि किल्ली कोणाकडे असते, हेही विचारा. पतींना या फेरीत सोबत न्या, रस्ता डोळ्यांनी पाहिला की त्यांच्या भीतीला निश्चित आकार येईल. तारीख ठरवताना पाळीचा अंदाज घ्या. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, शिवणी घासून कातडी सोलवटते, आणि घर्षणाच्या जागी आधीच क्रीम लावा. दुसऱ्या दिवसासाठी कोरडी शॉर्ट्स जवळ असली, की इंदापूरहून निघताना बसणे सुसह्य होते.

मधेच सोडावे लागले तर काय, याचे उत्तर निघण्यापूर्वीच तयार हवे. भिगवण, इंदापूर आणि टेंभुर्णी ही तिन्ही मोठी गावे आहेत. तिथे रात्रीही माणसे जागी असतात, एसटी थांबते. परतीसाठी जो टेम्पो ठरवाल, त्याच्या चालकाला ‘पंढरपूरऐवजी अलीकडूनही एखादी सायकल उचलावी लागेल’ हे आधीच सांगून ठेवा आणि त्याचा दर बोलून घ्या. भिगवणला थांबलात तरी शंभराच्या जवळपास किलोमीटर आणि अंधारातले तीन तास तुमच्या गाठीशी असतील.

पंढरपूरला पोहोचल्यावर पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत लगेच उभ्या राहू नका. ती रांग रविवारी तासन्‌तास चालते आणि थकलेल्या शरीराला एका जागी उभे राहणे सायकलीपेक्षा जड जाते. मुखदर्शन घ्या, नाहीतर आधी आंघोळ, जेवण आणि तीन तासांची झोप, आणि दर्शन संध्याकाळी. परतताना गटातल्या कोणीही मोटार चालवायची नाही, आणि सोमवारची रजा आताच टाकून ठेवा.

तारीख ठरली आणि पतींशी बोलणे झाले, की पुन्हा लिहा. ब्रेकपॅड आणि दिवे मात्र या आठवड्यातच बघून घ्या.